अनुदानात न बसलेले थेंब

“बाई, उद्या लावण्याला तेवढं आणू नका,” डॉक्टर समीना बागवान म्हणाल्या. शेजारी खुर्च्या पुसणाऱ्या मावशींनाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

“मग कुणाला आणायचं?”

“श्रेयसला. तो आता त्या डोळ्याने पेपर वाचतो. करमाळ्याहून दोघी बहिणी येतायत, त्यातल्या धाकटीचा निकाल फार सुंदर आहे. तेवढं पुरे.”

“आणि ज्यांचं फसलं?”

“ते अहवालात आहेत ना. आकड्यांत.”

सभागृहाच्या दाराशी एक परिचारिका स्वागताचा फलक बांधत होती. तो एका बाजूने उतरता झाला होता. डॉक्टरांचं सगळं लक्ष त्या उतरत्या कोपऱ्याकडे होतं. माझ्याकडे बघणं त्यांना जड जात होतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सोलापुरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात नव्या उपचारांवर देखरेख करणाऱ्या समितीवर मी तेव्हा होते. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, वैद्यकाशी संबंध नव्हता. पण अशा समितीत डॉक्टर नसलेलं एक माणूस लागतं. त्याला कागदोपत्री ‘सामान्य व्यक्ती’ म्हणतात. माझे जुने विद्यार्थी अजून त्यावरून मला चिडवतात.

रुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत काय गेलेलं असे, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तंबाखूचा चुना. पूर्वी तो डबीत असायचा, मग प्लास्टिकच्या ट्यूबा आल्या. ट्यूबचं तोंड वाळून बंद होतं, माणूस जोरात दाबतो, आणि फुटली की चुना थेट डोळ्यात. त्यात लहान मुलं जास्त, कारण मोठी माणसं हात मोकळा नसला की ट्यूब पोराच्या हातात देतात.

बुबुळावर काचेसारखं पातळ आवरण असतं. ते रोज झिजतं आणि रोज नवं होतं. ते नवं करणाऱ्या मूलपेशी बुबुळाच्या कडेला असतात. चुन्याने त्या जळाल्या की काच पांढरी पडते आणि तशीच राहते. डॉक्टर बागवान चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळापेक्षा लहान तुकडा काढायच्या, त्याचे आणखी बारीक कण करून जळालेल्या डोळ्यावर बसवायच्या आणि पेशी पसरायची वाट बघायच्या.

नेहमीच्या आरोग्य योजनेत हा उपचार बसत नव्हता. आंधळेपण चांगल्या डोळ्यावरून मोजतात. एक डोळा धड असला की योजनेच्या लेखी मूल धडधाकट. दोन्ही डोळे गेले, तर मूल योजनेत बसायचं. पण मग पेशी काढायच्या कुठून? म्हणून आरोग्य विभागाने तीन वर्षांचं प्रायोगिक अनुदान दिलं होतं. ते संपत आलं होतं. पुढे चालू ठेवायचं की नाही, हे ठरवायला मुंबईहून निंबाळकर साहेब उद्या येणार होते.

“ते फार संशयी आहेत, बाई,” डॉक्टर म्हणाल्या. “मूलपेशींची इंजेक्शनं विकणारं एक क्लिनिक त्यांनी स्वतः बंद करवलंय. स्टेम सेल म्हटलं की त्यांना तेच आठवतं. त्यांच्यासमोर पांढरा डोळा घेऊन ती मुलगी उभी राहिली, तर सगळं संपलं. वाट बघणारी पोरं किती आहेत ठाऊक आहे ना?”

“माझ्या वर्गात प्रयोग झाला की ज्याचा फसला त्याने आधी उठून बोलायचं, असा नियम होता.”

“ही शाळा नाहीये, बाई.”

“नाहीये. शाळेत कुणाचा डोळा जात नाही. समितीचा शेरा उद्या साहेबांना द्यायचाय ना? फसलेलं एक तरी मूल त्यांच्यासमोर आल्याशिवाय माझी त्यावर सही होणार नाही.”

त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. “तुम्ही आम्हाला बुडवणार.”

“बघू,” मी म्हटलं, आणि रिक्षा केली.

लावण्या गुंडेटी चौथीत होती. शनिवारी दुपारी माझ्या घराच्या ओट्यावर मी वस्तीतल्या मुलांना जमवायचे. भिंग, चुंबक, मोड आलेली मटकी, असला आमचा पसारा. ती सगळ्यांत पुढे बसायची. शस्त्रक्रियेच्या आधी तिने मला विचारलं होतं, “बाई, डॉक्टर नेमकं काय करणार?”

मी म्हटलं, “दही कसं लावतात?”

“विरजण घालून.”

“तसंच. चांगल्या भांड्यातलं चिमूटभर विरजण दुसऱ्या भांड्यात.”

तिने खूप वेळ विचार केला. “चांगल्या भांड्यातलं कमी होत नाही?”

“होतं थोडं. मग भरून येतं. पण ते भांडं बिघडायची थोडीशी भीती असतेच.”

“आणि विरजण घातल्यावर लगेच दही होतं का?”

“नाही. भांडं उबेला ठेवायचं, हलवायचं नाही, वाट बघायची. डोळ्याला तसे थेंब घालायचे, पुष्कळ महिने.”

शस्त्रक्रिया झाली. पहिले काही आठवडे डोळा निवळत गेला. नंतर पुन्हा पांढरा झाला, आणि लावण्या माझ्या ओट्यावर यायची बंद झाली.

त्या संध्याकाळी रिक्षातून उतरून त्यांच्या घरात शिरले तेव्हा तिचे वडील, अंबादास, पाळीवरून नुकते आले होते. यंत्रमागावर काम करणारा माणूस. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. मला बघताच त्यांनी खुर्चीवरची टॉवेलांची थप्पी खाली ठेवली.

“बसा की ओ बाई. चहा टाकतो.”

“चहा राहू दे. उद्या लावण्याला घेऊन दवाखान्यात या. मुंबईचे साहेब येतायत.”

“कशाला ओ? फसलेला माल दाखवायला?”

“हो. त्यासाठीच.”

ते हसले, ते हसणं बरं नव्हतं. “दोन्ही डोळे गेले असते तर सरकारचा कागद तरी मिळाला असता. एक राहिला, तिथं आमचं चुकलं.”

“नाना,” आतून आवाज आला.

लावण्या दारात येऊन उभी राहिली. डाव्या डोळ्यावर केस ओढून घेतलेले. वर्गातली मुलं तिला ‘ए चुना’ म्हणत, हे मला दुसऱ्या मुलांकडून कळलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी न्हाई येणार. श्रेयसला न्या. त्याला दिसतंय.”

“श्रेयस येणारच आहे.”

“मग मी तिथं काय करू?”

“जे झालं ते सांग. एवढंच.”

“डॉक्टरबाई रागावतील.”

“रागावतील बहुतेक.”

तिने मान वर केली. खोटा धीर न मिळाल्यामुळे तिला उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. “मी सांगितलं तर परत करतील का ओ माझं?”

“नाही माहीत मला. सध्याचा नियम असा आहे की एका मुलाला एकदाच. पण न सांगता तर नक्कीच होणार नाही.”

अंबादास पाठमोरे होऊन चुलीवरचं भांडं उगाच हलवत होते. “तिच्या हातात ट्यूब मी दिलती, बाई. माझे हात मागावर गुंतलेले. म्हणलं, दाबून दे गं जरा. आता आणखी लोकांपुढं नेऊन काय करू?”

“नाना, मी जाणार,” लावण्या म्हणाली. “तुम्ही नका येऊ पाहिजे तर.”

“न येऊन कसं चालंल?” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीची सोय बघायला बाहेर पडले.

निंबाळकर साहेब वेळेवर आले. उंच, किडकिडीत, घरी धुतलेला साधा शर्ट. गुच्छ त्यांनी हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगितला. श्रेयसने पेपरातली बातमी वाचून दाखवली. करमाळ्याच्या धाकटीने सुईत दोरा ओवला. तिच्या आईने साहेबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

“छान,” ते म्हणाले. “खरंच छान. पण मॅडम, त्या क्लिनिकमध्येही मला अशीच मुलं दाखवली होती. एक पोरगं धावलं, एकाने गाणं म्हटलं. त्यातल्या दोघांना सांगितलेला आजार कधी नव्हताच, हे पुढे चौकशीत निघालं. तोवर लोकांनी घरदार विकलं होतं. मी एक दार उघडतो, आणि त्यातून मागून कोण कोण शिरतं, ते मी बघितलंय.”

मागच्या रांगेत लावण्या आणि अंबादासांशेजारी बसलेली मी उठले.

“साहेब, हिचं फसलंय. हिलाही बघा.”

लावण्या पुढे गेली आणि तिने स्वतःच केस बाजूला केले. बुबुळ दुधासारखं पांढरं, त्यावर लाल रेघा. सभागृहात कुणीतरी जीभ टाळूला लावून ‘च्’ केलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

साहेब खाली वाकून तिच्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीत बसून त्यांनी अहवालाची पानं उलटली.

“लावण्या अंबादास गुंडेटी. निकाल, अयशस्वी. कारण...” ते थांबले, आणि वाचलं, “पालकांकडून औषधांत हयगय.”

अंबादास उभे राहिले. हात जोडलेले. “चूक झाली, साहेब.”

“बाई,” लावण्याने मला विचारलं, “हयगय म्हणजे काय?”

“लक्ष न देणं. टाळाटाळ.”

ती वडिलांकडे वळली. “मग खोटं कशाला बोलताव, नाना?” आणि साहेबांकडे बघून म्हणाली, “नाना रोज घालायचे थेंब. पाळी असली तर मध्येच घरी यायचे. मालक शिव्या द्यायचा. मग थेंब संपले.”

“संपले म्हणजे? दुसरी बाटली का नाही घेतली?”

“आम्ही आलतो की इथं. खिडकीतल्या ताई म्हणल्या, मार्च संपला, औषध बंद. नवीन आलं की या. नानानं बाहेरून एक बाटली आणली. ती संपू नये म्हणून चार वेळच्या जागी एकदा घालायचो. मी घड्याळाकडे बघत बसायची. आग व्हायची, पण मी म्हणायची, थांबा नाना, आत्ता नको.”

अंबादासांनी हात अजून सोडले नव्हते.

“दही लागत होतं, साहेब,” ती म्हणाली. “मला उजेड दिसायला लागला होता. उबेलाच ठेवलं न्हाई कुणी.”

साहेबांना ते दह्याचं कळलं नसावं. पण त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. “मॅडम?”

डॉक्टर बागवान उभ्या राहिल्या. त्या टेबलाची कड धरून होत्या. “त्या वर्षीचं अनुदान एकतीस मार्चला थांबलं. पुढच्या वर्षाची मंजुरी पावसाळ्यात आली. मधल्या काळात आमच्याकडे थेंबांसाठी काहीच नव्हतं. अनुदानात शस्त्रक्रिया धरली आहे, नंतरची औषधं ‘इतर’ या शीर्षकाखाली येतात, आणि ‘इतर’ सगळ्यांत आधी बंद होतं. आम्ही पत्रं पाठवली होती.”

“मग अहवालात हे का नाही?”

“तुमच्याकडेच पुन्हा मागायचं होतं, सर.”

मग त्या अंबादासांकडे वळल्या. “दादा, ते वाक्य मी लिहिलंय. ते खोटं आहे. हात सोडा.”

निंबाळकर साहेबांनी अहवाल मिटला. “बाकीची तीन फसलेली?”

“दोघं त्याच महिन्यांतली. एकाला औषध पूर्ण मिळालं, तरीही पेशी लागल्या नाहीत. का, ते आम्हाला कळलेलं नाही.”

“कळलेलं नाही,” ते पुटपुटले. “हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या क्लिनिकवाल्यांना सगळं कळलेलं असायचं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पत्रं माझ्याच टेबलावर होती, मॅडम. त्या प्रकरणानंतर मी सांगून ठेवलं होतं, मूलपेशी हा शब्द दिसला की फाइल बाजूला. मला वाटलं, मी मुलांना वाचवतोय.”

चहा आला आणि तसाच गार झाला. त्यांनी कागद ओढून घेतला आणि भराभर लिहायला लागले. लिहिताना मोठ्याने बोलत होते, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं. अनुदान पुढे चालू. चुन्याने आणि तत्सम भाजल्याने गेलेल्या डोळ्यांपुरतंच. इतर कशाला मूलपेशींचं नाव देऊन आत शिरता येणार नाही. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी. औषधं आणि तपासण्या शस्त्रक्रियेचाच भाग, मार्च असो वा एप्रिल. आणि फसलेल्या प्रत्येक मुलाची माहिती अहवालाच्या पहिल्या पानावर.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला. मागे कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली.

“थांबा,” मी म्हटलं. “लावण्याचं काय?”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “बाई, एका रुग्णाला एकदाच, हे वरून आलेलं आहे. दुसऱ्यांदा करायला माझ्याकडे कलम नाही. ते मी मोडलं तर उद्या हे सगळंच अडकेल. बाकीच्या पोरांसाठी तरी...”

“मोडू नका. मला एक सांगा. परीक्षेला बसलेल्या मुलाचा पेपर अर्ध्या वेळात मास्तरांनीच काढून घेतला, तर ते मूल नापास का?”

“नाही.”

“मग त्याला उरलेला वेळ दिला तर ती दुसरी परीक्षा का?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघितली. मुलांना उत्तर सापडत असताना मध्ये बोलायचं नाही, एवढं मला आयुष्यभराच्या नोकरीने शिकवलं आहे.

“म्हणजे तिचा उपचार अयशस्वी नाही,” ते सावकाश म्हणाले. “अपूर्ण आहे.”

“तुम्हीच लिहा तसं.”

“अपूर्ण लिहिलं की का अपूर्ण, तेही लिहावं लागतं, बाई. अनुदान वेळेत न मिळाल्यामुळे. कुणामुळे, हे पुढचा माणूस विचारणार.”

“विचारेल.”

त्यांनी लावण्याला जवळ बोलावलं. “बेटा, परत करायचं म्हणजे तुझ्या चांगल्या डोळ्याला परत हात लावायचा. त्यालाही धोका असतो. घाबरतेस?”

“हो.”

“मग?”

“तुम्ही थेंब द्या,” ती म्हणाली. “बाकी मी बसते वाट बघत.”

साहेबांनी अहवाल पुन्हा उघडला. ‘अयशस्वी’ हा शब्द खोडला. ‘अपूर्ण’ लिहिलं, समोर कारण लिहिलं, कुठलंही विशेषण न घालता, आणि खाली आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा. पुढच्या वर्षी त्यांची चौकशी झाली आणि बदलीही. मला ते त्यांच्याकडून कळलं नाही. त्यांनी नंतर एकदाच फोन केला, तोही विचारायला, की थेंब मिळतायत ना.

थेंब मिळत होते. शस्त्रक्रिया पुन्हा झाली. अंबादासांच्या मालकाने त्यांना कामावरून काढलं, तर ते दुसऱ्या मागावर लागले, दवाखान्याच्या जवळच्या. उन्हाळा आला, मार्च संपला, आणि औषधाच्या खिडकीतल्या ताईंनी लावण्याला नावाने हाक मारून बाटली दिली.

ज्या दिवशी दृष्टी मोजायची होती, त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. डॉक्टर बागवान स्वतः तपासणीला बसल्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली लहान लहान होत गेलेली. लावण्याने उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा आता पांढरा नव्हता. कडेला थोडा धुरकट, मध्ये काळा.

“वाच.”

तिने पहिली ओळ वाचली. दुसरी, तिसरी. न अडखळता चौथी, पाचवी. अंबादास दाराच्या चौकटीला टेकले. डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

लावण्याने हात खाली घेतला.

“डॉक्टरबाई, हे नका लिहू.”

“का गं?”

“हा तक्ता मला पाठ हाय. बाहेर बाकावर बसून दारातून दर वेळी उजव्या डोळ्यानं वाचलाय. दुसरा लावा.”

त्या खोलीत दुसरा तक्ता नव्हता. डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने अक्षरं काढली, वर मोठी, खाली बारीक, मनात येतील तशी, आणि ते पान तक्त्यावर चिकटवलं. लावण्याने पुन्हा डोळा झाकला. आता ती सावकाश वाचत होती, मान थोडी पुढे काढून, प्रत्येक अक्षराशी थांबत. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत एका अक्षरावर बराच वेळ अडली, आणि बरोबर वाचलं.

चौथ्या ओळीपाशी ती गप्प झाली.

“प्रयत्न कर,” अंबादास दारातून म्हणाले.

“न्हाई दिसत, नाना.” ती डॉक्टरांकडे वळली. “ही ओळ दिसत नाही. नाही म्हणूनच लिहा.”

डॉक्टरांनी तसंच लिहिलं.